आत्याचा लोटा आणि युन्नानचा विमानतळ

आधीच सांगून ठेवतो – चौकात ठेवलेला उतारा पायानं बाजूला सारून तिथंच गाडी लावणारा मी माणूस आहे. कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की म्हणतो, बापू, आधी झोप नीट घेत जा. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येऊन राहिला आहे...

मी अमरावतीचा. डाळ मिलमधल्या डाळ निवडायच्या मशीन दुरुस्त करतो. या मशीन चीनमधून येतात, म्हणून मागच्या वर्षी मार्चमध्ये मालकानं मला तिकडे ट्रेनिंगला पाठवलं.

निघायच्या आधी अकोल्याला सखूआत्याला भेटून आलो. ही माझ्या वडिलांची चुलत बहीण, ऐंशीच्या पुढची, जुन्या शहरात एकटी राहते. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी बांधली गेली तेव्हा तिचे वडील तिथे मजुरीला होते. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस. मुकादमानं त्यांना तिथून आसामला नेलं. आसामहून एक कार्ड आलं – आता विमानानं पहाडापलीकडे, चीनमध्ये नेऊन राहिले, तिथेही धावपट्टीच बांधायची आहे. बस. नंतर माणूस नाही की कागद नाही. ते गेले तेव्हा आत्या आईच्या पोटात होती. मुलगी झाली म्हणून घरच्यांनी पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

"चीनले चालला का रे?" आत्या म्हणाली. "माह्या बाबाले मी झाली हे तरी समजलं असंन का? कुठी मेला, कसा मेला ते जाऊ दे. मले तेवढंच पाह्यजे."

"आत्या, चीन म्हणजे काय अकोट आहे का, गेलं अन् विचारून आलं?"

ती हसली. मला अमरावतीची गाडी धरायची होती, चहा अर्धा टाकून निघालो.

ट्रेनिंग संपवून परत येताना युन्नान प्रांतातल्या एका लहान विमानतळावर विमान बदलायचं होतं. धुक्यामुळे ते चार तास लेट. सकाळचे नऊ वाजलेले. आणि तिथे जिथं जावं तिथं उकळतंच पाणी! साध्या पाण्यासाठी वैतागलो. शेवटी बाटली भरली आणि गार करायला बाहेरच्या बागेत गेलो. तिथे माणसाएवढ्या उंचीचा एक दगडी रोलर ठेवला होता. लढाईच्या काळात मजुरांनी तो दोरांनी ओढून इथली धावपट्टी दाबली, असं पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं. मी बाटली त्या रोलरला टेकवून उभा राहिलो. आत्याची आठवण आली, नाही असं नाही.

"थोडं पाणी पाज ना, बापू."

रोलरच्या पलीकडे एक माणूस उकिडवा बसला होता. तिशीच्या आतला, अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, गुडघ्यांपर्यंत धूळ, त्या थंडीत अनवाणी. खरं सांगतो, मला नवल वाटलंच नाही. आठ दिवस चिनी ऐकून कान किटले होते, आपली बोली ऐकली आणि बरं वाटलं. म्हटलं, असेल इकडे कामाला आलेला.

त्यानं ओंजळ धरली. मी ओतत गेलो. अख्खी बाटली प्यायला.

"गरम हाये," तो म्हणाला.

"इथं असंच भेटते. कुठले तुमी?"

"अकोल्याचा." त्यानं हात सदऱ्याला पुसले. "माह्या पोट्टीले सांगजो, लोटा आता आत घेऊन घे म्हणा. रोज पोचलं पाणी."

"कोणता लोटा?" मी विचारलं, तेवढ्यात स्पीकरवर आमच्या विमानाचा नंबर पुकारला. मी मान वळवली... एवढंच. परत पाहिलं तर कोणी नाही. बाटली रिकामी, रोलरजवळची माती ओली.

परत आल्यावर आठवड्यानं अकोल्याला गेलो. गंमत म्हणून सांगू म्हटलं. आत्या गहू पाखडत होती. लोट्यापर्यंत आलो आणि तिच्या हातातलं सूप थांबलं.

"लोट्याचं तुले कोनं सांगतलं?"

कोणीच नाही. तेव्हा तिनं सांगितली ती रीत. घरातून गेलेल्याच्या मरणाची खबर येत नाही, तोवर आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पित्तरांमध्ये त्याचं पान वाढायचं नाही. दिवेलागणीला उंबऱ्याबाहेर पाण्याचा लोटा ठेवायचा, तो येईल तर तहानलेला येईल म्हणून. आधी तिच्या आईनं ठेवला, आई गेल्यावर आत्यानं. आणि मी इतक्या वर्षांत तिच्याकडे दिवेलागणीपर्यंत कधी थांबलोच नव्हतो. मला फार लाज वाटली.

तो कसा दिसत होता, काही विचारलं नाही तिनं. एवढंच म्हणाली –

"पोट्टीले सांगजो म्हनला? पोट्ट्याले नाही?"

"पोट्टीले, आत्या."

"म्हंजे पत्र भेटलं त्याले," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी रडली.

आखजीला तिनं बाबांचं पान पहिल्यांदा वाढलं. लोटा आत घेतला, फळीवर पालथा ठेवला. मग दाराशी येऊन बसली आणि मला म्हणाली, "आता सांजच्याले मी काय करू रे?"

माझी बायको म्हणते, लोट्याचं तुम्ही लहानपणी ऐकलं असेल आणि विसरला असाल. असेल बुवा. तिथे काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आता दर शनिवारी मी अकोल्याला जातो, दिवे लागेपर्यंत तिच्याजवळ दाराशी बसतो आणि शेवटच्या गाडीनं परत येतो.