वसंताच्या दवाखान्यातल्या तीन तसबिरी

सत्तेचाळीस सालच्या पौषात, एका सोमवारी, मी माझ्या भावाच्या दवाखान्यात तीन तसबिरी टांगल्या. बुधवारी तिथे मेंढरं आली.

हकीगत एवढीच. पण आमच्या घरात ती प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशाला माझ्यादेखत सांगितली गेली, आणि सांगणारा दर वेळी वसंताच असे. तो रंगवून सांगायचा आणि मी मान खाली घालून जेवायचो. आता वसंता नाही. तेव्हा माझी बाजू मांडायची तर हीच वेळ. मध्येच "अण्णा, थापा मारू नकोस" म्हणणारं कुणी उरलेलं नाही. (हे सोयीचं होईल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही.)

वसंता माझ्याहून सात वर्षांनी लहान. मिरजेला डॉक्टरकी शिकून त्याने पलूसला, भर रस्त्यावर, दोन खोल्या घेऊन दवाखाना काढला. मी साताऱ्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. दवाखाना आधुनिक होता. म्हणजे भिंती पांढऱ्या होत्या, हात धुवायला पांढरं भांडं होतं, बसायला बाकं होती आणि औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायला गणपा नावाचा कंपाउंडर होता. नव्हते ते फक्त पेशंट. दिवाळीपासून जे मोजके आले त्यांत एक आमची आई होती, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

त्यातच वसंताच्या एका मित्राचं मोंबासाहून पत्र आलं. इकडे डॉक्टर हवे आहेत, ये. नाताळच्या सुट्टीत मी पलूसला गेलो होतो, तेव्हा वसंताने जेवताना जाहीर केलं, "पाडव्यापर्यंत दवाखाना चालला तर ठीक. नाहीतर मी आफ्रिकेला जाणार."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. वडील गेल्यापासून ती त्याच्याकडे राहत होती. वसंताची बायको सुमन, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, तिने माझ्या पानात दुसऱ्यांदा मीठ वाढलं.

आईने मला विचारलं, "आफ्रिका म्हणजे किती लांब रे?"

मी मुंबईहून बोट किती दिवसांनी पोचते, वाटेत कुठली बंदरं लागतात, हे सविस्तर सांगितलं. ती उठून आत गेली. (मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची खोड आहे. विचारलेलं नसतं त्याचं उत्तर कधी सुचत नाही.)

दवाखान्यात काहीतरी उणं आहे, यावर घरात एकमत होतं. आई म्हणाली, "भिंती बघ कशा भुंड्या. एक दत्ताची तसबीर लाव."

"देव नको!" वसंता म्हणाला. "देव लावला की लोक दारात चपला काढणार, नारळ फोडणार. बरा झाला तर देवाने केला आणि मेला तर मी मारला!"

"मग शंकराची?"

"आई, शंकर काय देवांत येत नाही?"

इथे मी तोंड घातलं. एका इंग्रजी मासिकात मी एक लेख वाचला होता (अर्धा, पुढची पानं कुणीतरी फाडून नेली होती). आजारी माणसाच्या डोळ्यांपुढे शांत, रम्य चित्र असलं की त्याचं निम्मं दुखणं पळतं, असं त्यात होतं. मी ते सांगितलं. वसंताने माझ्याकडे आदराने पाहिलं. तसं त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं.

"अण्णा, तूच निवड मग. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काय कळत होतं ते पुढे दिसेलच!

तेव्हा गोरे साहेब आवराआवरीला लागले होते. साताऱ्याच्या कॅम्पात एका बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. लोक खुर्च्या, कपाटं, बंब घेत होते. मी तसबिरी बघत होतो. तासभर मागे हात बांधून, चष्मा वरखाली करत, मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो. लिलाववाल्याला वाटलं, मीच तो बंगला घेणार आहे. शेवटी मी तीन निवडल्या.

पहिलीत हिरव्या टेकडीवर मेंढ्या चरत होत्या, मागे एक माणूस उभा होता. अतिशय शांत. दुसरीत एका टेबलावर फळं होती, एक सुरी होती आणि वरून पाय बांधून उलटे टांगलेले दोन मेलेले पक्षी. चित्रकाराने पिसन् पीस रंगवलं होतं. याला कला म्हणतात, हे मला पुस्तकांतून माहीत होतं. तिसरीत एक गोरी बाई खिडकीशी बसून बाहेर बघत होती. फिकट, कृश, उदास. मला ती फार काव्यमय वाटली. डॉक्टरच्या खोलीत ती काव्यमय न वाटता आणखी काही वाटेल, ही शंका मला शिवली नाही.

चार दिवसांची रजा टाकून मी तिन्ही तसबिरी रेल्वेने आणि मग बैलगाडीने पलूसला नेल्या. मेंढ्यांची सर्वांत मोठी. ती मी दारासमोरच्या भिंतीवर लावली.

गणपा खालून म्हणाला, "सायेब, ही पार रस्त्यावरनं दिसतीया."

"दिसायलाच हवी!"

"न्हाई, म्हंजी... लोकांस्नी वाटायचं..."

"लोकांना शांत वाटायला हवं, गणपा."

"व्हय जी," गणपा म्हणाला आणि शांत झाला.

मंगळवारी एक म्हातारी आत आली. तिने उलटे टांगलेले पक्षी पाहिले, सुरी पाहिली, वसंताच्या हातातली कात्री पाहिली आणि "पोटात दुखायचं ऱ्हायलं माजं," असं म्हणून पाठ न वळवता मागच्या मागे निघून गेली. मग एक खोकणारा शेतकरी बाकावर बसला. तो बराच वेळ त्या खिडकीतल्या बाईकडे बघत होता.

"ही बाई कवाधरनं बसलीया?" त्याने गणपाला विचारलं.

"कालपासनं."

"आन् अजून गुण न्हाई?" तो उठला. "माजं काय खरं न्हाई मग."

बुधवारी सकाळी बिरू आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि मागे पाच मेंढरं. माणदेशाकडून दर साली धनगरांचे कळप आमच्या भागात उतरतात आणि खतासाठी शेतातून बसतात, त्यातला हा. तो आत आला. मेंढरंही आली. एक मेंढी थेट बाकावर चढली.

वसंता आतून ओरडला, "अरे, हे काय? बाहेर काढ!"

"आवं डाक्तर, हिचा पाय बघा की. टेकत न्हाई."

"मी माणसांचा डॉक्टर आहे!"

बिरूने भिंतीकडे बोट केलं. "मग हे कशाला लावलंय?"

वसंताने माझ्याकडे पाहिलं. मी मेंढ्यांकडे पाहिलं (चित्रातल्या). आणि मला ते कळलं, जे गणपाला सोमवारीच कळलं होतं. ज्याला वाचता येत नाही तो पाटी वाचत नाही. तो चित्र वाचतो. सांगलीच्या बाजारात दात बसवणाऱ्याच्या दारावर दातांची कवळी रंगवलेली असते आणि जोडेवाल्याच्या दारावर जोडा. पलूसच्या रस्त्यावर मी, एम. ए. होऊन, मेंढ्यांच्या डॉक्टरची पाटी लावली होती!

बिरू तोवर चित्राजवळ जाऊन बारकाईने बघत होता. "ही म्होरची लंगडती हाय. खूर सडलंय हिचं. आन् ह्यो मागं हुबा हाय, ह्यो राखन्या हाय का पावना? घोंगडं न्हाई, काठी न्हाई. लांडगं न्हाईत व्हय तकडं?" मग वसंताकडे वळून, जरा काळजीने, "डाक्तर, ही तुमची मेंढरं आसतील तर आदी त्येंच्याकडं बघा."

वसंता हसला नाही. पण तो खाली बसला. मेंढीचा पाय मांडीवर घेतला, खुरातली घाण काढली, धुऊन औषध लावलं, पट्टी बांधली. गणपाने रीतसर नोंद केली. नाव: पांढरी. वय: चार दाती (बिरूने तिचे दात मोजून दाखवले). तक्रार: लंगडते.

शुक्रवारपर्यंत दवाखान्यासमोर चाळीस मेंढरं, दोन शेळ्या आणि एक म्हैस जमली. म्हशीचा मालक म्हणाला, चित्रात म्हैस नाही हे त्याला दिसतंय, पण विचारायला काय हरकत आहे?

"अण्णा," वसंता दातओठ खाऊन म्हणाला, "ते काढ."

मी काढलं. नुसतं काढून थांबलो असतो तर बरं. पण मला वाटलं, हा माणसांचा दवाखाना आहे हे लोकांना चित्रातूनच कळायला हवं! आणि मेंढ्यांशिवायचं माणूस एकाच तसबिरीत होतं. मी ती फिकट बाई दारासमोर आणून लावली. साताऱ्याला तार करून रजाही वाढवून घेतली. म्हटलं, परिणाम बघूनच जाऊ.

संक्रांत आली. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दवाखान्यात डोकावली. "कुणाची का असेना, पण बाईमाणूस. सणावाराची बिनकुंकवाची भर दारात बसवलीत?" तिने धुरकट काचेवर बोटभर कुंकू लावलं. दाराला बांधून गणपाकडे झेंडूच्या माळा उरल्या होत्या. चांगलं दिसेल म्हणून त्याने त्यातली एक तसबिरीला घातली.

तसबिरीतलं माणूस, वर कुंकू आणि हार. याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो, आणि तो कुणाला शिकवावा लागत नाही.

दुपारी गावातले तात्या पाटील चार माणसं घेऊन आले. टोप्या काढून बाकांवर बसले. दवाखान्याची बाकं पहिल्यांदाच भरली! मग तात्या म्हणाले, "लय वाईट झालं. कवा गेल्या?"

"कोण?" वसंता.

"मडम."

"अहो, ते चित्र आहे!"

"व्हय," तात्यांनी सुस्कारा टाकला. "आता चित्रच ऱ्हायलं."

"तात्या, ती बाई माझी कुणी नाही!"

"आसं म्हनू नगा, डाक्तर. मिरजंला शिकाय होता तवाच्या का? तुमच्या हातनंच गेल्या म्हनं."

आतल्या दाराशी सुमन उभी होती. माणसं गेल्यावर तिने हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. कोण होती ती?"

मी मदतीला धावलो. "सुमन, तसं काही नाही. ती मला लिलावात मिळाली."

"अण्णा," वसंता म्हणाला, "तू बोलू नकोस."

त्या दिवसानंतर तीन दिवस कुणी फिरकलं नाही. पहिल्या बायकोला ज्याने मारलं, त्याच्याकडे ताप घेऊन कोण जाणार? वसंताने माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पुसली आणि मोंबासाचं पत्र तिच्यावर ठेवलं. पाडव्याची वाट बघण्यात त्याला आता अर्थ दिसत नव्हता. आईने सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं, आणि माझ्याकडे ती बघतही नव्हती. मी स्टूल घेऊन दवाखान्यात गेलो. तसबिरी उतरवून साताऱ्याला चालतं व्हावं, एवढंच मला सुचत होतं.

मी स्टुलावर असतानाच दारात बैलगाडी थांबली. भर दुपार. गाडीत गोधडीवर बिरूची बायको होती. बाळंतपणात दोन दिवस अडली होती. तिला ओरडायचंही त्राण राहिलं नव्हतं.

बिरू वसंताच्या पायाशी बसला. "बघा डाक्तर."

वसंता बाह्या सारत होता. तरी त्याने विचारलंच, "गाव म्हणतं माझ्या हातून बाई मेली. तू कसा आलास?"

"माजी मेंढी चौथ्या दिशी पाय टेकाय लागली," बिरू म्हणाला. "तिला मांडीवर घेतलीत तवा तुमी नाकाला फडकं लावलं न्हाई. आमी दारात आलो तरी लोक लावत्यात."

वसंता आत गेला. सुमन पदर खोचून त्याच्यामागे गेली. आई पाणी तापवायला धावली. तसबीर छातीशी धरून मी स्टुलावरच उभा राहिलो, कारण उतरावं हे मला सुचलं नाही. उन्हं कलली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. बाई जगली.

बिरू खाली बसून रडत होता. त्याने वर मान करून मला विचारलं, "सायेब, तुमी तकडं वर काय करताय?"

त्या आठवड्यात धनगरांच्या तळावरून बाया-पोरं आली, मग शेतकरी आले, शेवटी गुडघा धरून तात्या पाटीलही आले. पाडव्याला वसंताने मोंबासाच्या पत्राला नकार लिहिला आणि पोस्टात टाकायला दिला. माझ्याकडे नाही. गणपाकडे.

माझं म्हणणं आजही एवढंच आहे, की मेंढ्यांची तसबीर नसती तर बिरू आला नसता आणि बिरू आला नसता तर वसंता गेला असता. हे मी त्याला पुष्कळदा सांगून पाहिलं. तो म्हणायचा, "अण्णा, दवाखाना तुझ्यामुळे चालला नाही. तू असूनही चालला."

तो या फाल्गुनात वारला. दवाखाना आता त्याचा मुलगा चालवतो. त्याने नवी इमारत बांधली आहे. पेशंट बसतात त्या खोलीच्या चारही भिंती मोकळ्या आहेत. तिथे काय लावावं, हे मला कुणी विचारलेलं नाही.