काढून दिलेलं चाक

‘तुझं मागचं चाक काढ. लवकर.’

आमच्या सायकल क्लबचे सर जीपमधून उतरलेही नाहीत. काच खाली करून बोलले.

विळद घाटाच्या पायथ्याशी गारा पडत होत्या. बोटांना ब्रेक कळत नव्हता. नगरहून कोल्हार आणि परत, अशी एका दिवसाची सायकल शर्यत. कोल्हारच्या पुलापासून मीच पुढं होते. मागं मला चिकटून मेघना, आमच्या क्लबला सायकली देणाऱ्या साहेबांची मुलगी. तिचा दम वाचावा म्हणून समोरचा सगळा वारा मी अंगावर घेतला. पंक्चर झालं ते तिचं मागचं चाक. जीपमधलं जादा चाक आधीच वापरून झालं होतं.

‘सर, माझ्यात दम आहे. मी जिंकते आज.’

‘तुला जिंकायला आणलंय का? तुमच्या लोकांना ओझं ओढायची सवय असते, म्हणून घेतलं.’

मी चाक काढलं. माझ्याच हातांनी. तिच्या सायकलला बसवूनही दिलं. ती गेली. मी जीपचं दार धरलं तर सर म्हणाले, ‘सीट चिखलानं भरेल. चालत ये.’

सायकल खांद्यावर घेऊन नगरपर्यंत चालले.

माझे आई-बाप ऊसतोडीचे, पाथर्डीकडचे. त्या दिवशी आबा, माझे वडील, मुकादमाच्या हातापाया पडून मला बघायला आले होते. डोक्यावर पोतं घेऊन शेवटच्या रेषेपाशी उभे. सगळ्या पोरी आल्या, मी नाही. त्यांनी क्लबच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘ती मदतीला होती, शर्यतीला नाही.’

‘पडलीस व्हय?’ आबांनी मला विचारलं.

‘न्हाई. चाक दिलं.’

‘मागितलं आन् दिलं?’

मी मान डोलावली. आबांनी पोतं माझ्या अंगावर टाकलं आणि तोंड फिरवलं. कोयत्यानं बोट तुटलं तेव्हाही हा माणूस रडला नव्हता.

तेवढ्यात सर आले. मेघना पहिली आली होती.

‘फोटोला चल. मागं उभी राहून तिची सायकल धर.’

‘न्हाई धरणार.’

‘मग उद्यापासून क्लबात येऊ नकोस.’

‘न्हाई येणार.’

माझी सायकलही क्लबचीच. त्यांच्या टेबलाला टेकवली आणि निघाले.

त्यानंतर दोन वर्षं शर्यत नाही. पोल्ट्रीत राबून जुनी सायकल घेतली. जड आहे. आबा पुन्हा कधी शर्यत बघायला आले नाहीत. त्यांना बोलवायला मला तोंड नाही.

सरांना मी माफ करणार नाही. चाक काढून देणाऱ्या त्या वेळच्या मलाही नाही. यंदा त्याच शर्यतीचा अर्ज भरलाय. क्लबच्या नावाची जागा होती, तिथं रेघ मारली. शेवटची येईन कदाचित. पण आता कुणी सांगितलं म्हणून थांबणार नाही.