समुद्रापार निघालेली काडी

काल आमच्या बंदरावरच्या दवाखान्यात कापूस गुंडाळलेली एक काडी पाहिली आणि अजून माझं मन थाऱ्यावर नाही! वादळात बेपत्ता झालेल्या खलाशांच्या आयांची लाळ तशा एकेका काडीवर घेत होते. समुद्रापलीकडच्या देशात किनाऱ्याला लागलेले काही देह नावाविना पुरलेत. त्यांच्याशी या लाळेतला डीएनए ताडून पाहणार. एरवी मासेमारीच्या हद्दीवरून भांडणारी दोन सरकारं, आणि त्यांना या कामापुरतं एकत्र आणणारी माणसं तिसऱ्याच मुलखातली! केवढी गंमत!

तपासणीआधी तासभर काही खाऊ नका, असा निरोप होता. हिराबाई कोळीण मात्र आदल्या दिवसापासून निर्जळी उपास धरून आलेली. तोंडाला इतकी कोरड की काडी ओली होईना.

"मावशी, तासभरच सांगितलं होतं हो," डॉक्टरीणबाई कळवळल्या.

"माज्या पोराचा सोध हाय, बाय. भरल्या पोटी कसा करू?"

मग तिला पाणी पाजलं, थोडं थांबले, काडी गालात फिरवली. पाकीट बंद होणार तेवढ्यात हिराबाईनं डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि काडीशी वाकून म्हणाली,

"जा गो. त्याला घेऊनच ये."