मुकुंदाचा एकुलता डोळा

दवाखान्यातून माणूस औषधांची पिशवी घेऊन येतो, आणि सोबतीला बाई राहिली असेल तर ती किस्से घेऊन येते. औषधं संपतात, किस्से वाढत जातात! वीसेक वर्षं झाली, माझे अजून सरले नाहीत.

डोळ्यातला पडदा सुटायचा आजार आमच्या घराण्यात पिढीजात. आमच्या ह्यांचे दोन्ही डोळे त्यानंच गेले. मुलाचा, मुकुंदाचा, डावा कॉलेजात गेला. तो जर्मनीत गेर्लिंगेनला इंजिनीअर. मी पाहुणी म्हणून गेले आणि त्याच्या उजव्याचा पडदा सुटला. उरलेला एकच डोळा!

*

ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाई बुटक्या, कडक. हसणं ठाऊक नाही. "घराण्यात कुणाकुणाला होतं?" त्यांनी विचारलेलं सुनेनं, रश्मीनं, मला मराठीत सांगितलं. मी आजेसासऱ्यांपासून धरलं. बाई वंशावळीचे गोल-चौकोन काढत गेल्या. कागद भरला, मागची बाजूही भरली. त्यांनी पेन ठेवलं तशी मी म्हटलं, "थांबा, चुलत राहिलेत!"

"आल्झो," म्हणाल्या, म्हणजे 'बरं तर मग', आणि नवा कागद घेतला.

*

मुकुंदानं विचारलं, "गॅरंटी?"

"पडदा बसवणं माझं काम. रक्तातला आजार मला काढता येत नाही. पुन्हा सुटला तर पुन्हा बसवीन."

रश्मी रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, खोटं न बोलणारं माणूस डोळ्याला हात लावतंय. नशीब समज!"

*

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा फुगा भरला. तो पडदा दाबून धरतो, म्हणून कितीतरी दिवस मान खालीच. शेजारच्या खाटेवर म्हातारे ट्रामवाले आजोबा, तेही पालथे. पण त्यांचा एक डोळा धड. मुकुंदाला भेटायला कोण आलं ते बुटांवरून सांगायचे.

एकदा म्हणाले, "बूट महागाचे, टाचा झिजलेल्या. कोण हा?"

आवाज ओळखून मुकुंदा म्हणाला, "माझा साहेब."

"मग खरंच काम करतो की!"

साहेब तिथंच उभा!

*

पालथ्या माणसाला जेवू कसं घालायचं? मी सरळ फरशीवर बसले आणि खालून वरणभाताचे घास द्यायला लागले. नर्सबाई आली, कपाळावर हात मारून निघून गेली. म्हटलं, आता बोलणी बसणार. तर ती व्यायामाची जाड चटई घेऊन आली! "आजींना फरशी गार लागेल."

*

मी नवस बोललेले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ह्याला विमानानं कुलदैवताला कधी नेऊ?"

"फुगा विरेपर्यंत विमान नाही. वर गेलं की फुगा फुगतो, डोळा जाईल. देवाला थांबायला सांगा."

मी म्हटलं, "देव थांबेल हो, ह्याच्या बापाला कोण थांबवणार?" फोनवर ह्यांचं एकच चाललेलं, "पोराला दिसतंय का? दिसतंय का?"

*

फुगा विरतो तसं वरून खाली दिसू लागतं, टाकीतलं पाणी उतरावं तसं. नवव्या दिवशी बाईंनी मुकुंदाला ताठ बसवलं आणि मला समोर उभं केलं.

"काय दिसतंय?"

मुकुंदानं डोळा बारीक केला. रश्मीनं माझा हात घट्ट धरला.

"आईचं कपाळ," तो म्हणाला. "आई, कुंकू वाकडं लागलंय गं."

रश्मीनं रडत रडत ते जर्मनमध्ये सांगितलं. बाई स्टुलावरून उठल्या. माझ्यापुढं आल्या, अंगठ्यानं माझं कुंकू नीट केलं आणि मुकुंदाकडं वळून विचारलं,

"आता?"