ऑस्टिनच्या पुढे चढलेला माणूस

मेजर ऑस्टिन तुस्कानो गेला, हे त्याची बायको लीनाने मला फोनवर सांगितलं. निर्मळच्या शाळेतला माझा विद्यार्थी. चौतिसाव्या वर्षी कर्करोगाने नेला. चर्चमध्ये मिस्सा झाली, लष्कराची सलामी झाली, आणि श्रद्धांजलीच्या भाषणात ते वाक्य पुन्हा ऐकू आलं... ‘एकट्याने शिखर जिंकणारा वीर’. ते वाक्य माझं आहे आणि खोटं आहे.

कारगिलच्या लढाईनंतर तो पदक घेऊन गावी आला, तेव्हा मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. अधिकारी होऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सत्काराच्या आदल्या दिवशी, खांदा बांधलेला म्हणून भावाच्या स्कूटरवर मागे बसून, तो माझ्याकडे आला. मजकूर वाचून हसला. “सर, शाळेत निबंधाला कधी अर्धेसुद्धा मार्क दिले नाहीत, आणि आता उधळताय होय?” मग शांतपणे म्हणाला, “वरून गोळ्या सुरू झाल्या आणि मी दगडाआड आडवा झालो. पाय हलेनात. हवालदार मारुती भोईटे माझ्या बाजूने सरपटत पुढे गेले. म्हणाले, साहेब, मी दोर लावतो, तुम्ही पोरांना घेऊन या. दोर लावला आणि गोळी लागून तिथेच गेले... मग मी उठलो.”

उठला तो मात्र खराच. खांद्यात गोळी असताना सात जणांना घेऊन वर गेला, चौकी घेतली. पदक त्याने कमावलं होतं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. ‘एकट्याने’ खोडा आणि भोईट्यांचं नाव घाला, एवढंच त्याचं मागणं होतं. मी हो म्हटलं, पण बदललं काहीच नाही. मानपत्र काचेच्या चौकटीत बसून आलंय, ही सबब माझ्यापाशी होती. खरं कारण वेगळं. दगडाआड आडवा झालेला वीर मला गावापुढे वाचायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पटांगणात मी जुनाच मजकूर वाचला. ऑस्टिन माइकपाशी आला. “सरांनी लिहिलंय तसं झालं नाही. भोईटे पुढे होते, मी मागे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. “पाहा, किती नम्र आपला पोरगा!” शेजारचे गृहस्थ म्हणाले. ऑस्टिनने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे दर सुट्टीत तो चहाला यायचा. “सर, खोडलंत का?” असं हसत विचारायचा. काही वर्षांनी विचारायचा थांबला, ते जास्त लागलं.

परवा लीनाकडे गेलो तेव्हा कळलं, दरवर्षी त्या लढाईच्या तारखेला सकाळी ओटीवर खुर्ची टाकून तो साताऱ्याला फोन लावायचा, भोईट्यांच्या पत्नीला. तारीख दोन दिवसांवर होती. त्या सकाळी त्याच खुर्चीत बसून मी नंबर फिरवला.

“ताई, मी ऑस्टिनचा मास्तर. तुमच्या मालकांचं नाव ज्याने गाळलं, तो.”

पलीकडून आवाज आला, “म्हंजी तुम्हीच व्हय ते! साहेब म्हनायचे, सर वाईट न्हाईत, घाबारले हुते, दगडाआड मीबी घाबारलो हुतो.”

मी म्हणालो, “ताई, आता पेपरात खरं छापून आणतो.”

“आना. पन नुसतं सांगू नगा, कात्रन धाडा.”