टाकीवरचा खाकी शर्ट

कंडक्टर काकांनी निवृत्त झाल्यावर खाकी शर्ट पुन्हा कधी अंगात घातला नाही. तो ते माशांच्या टाकीवर पांघरत. नवा मासा आणला की तीन दिवस टाकीला युनिफॉर्म. घरी आलेल्याला वाटे, म्हातारा काचेवर कपडे वाळत घालतो की काय. कुणी विचारलंच तर म्हणत, "टाकी ड्युटीवर हाय. तिच्याशी बोलायचं न्हाई."

बीडकडच्या आमच्या वडवणी गावात मासे पाळणं म्हणजे टवाळीला आपणहून आमंत्रण. उन्हाळ्यात सगळी गल्ली टँकरमागे घागरी घेऊन पळायची आणि हे गृहस्थ बैठकीत तीन फुटी काचेची टाकी भरून बसलेले. "काका, मान्सांना प्यायला न्हाई अन् तुमी माशांला पाजताव," असं कुणी म्हटलं की ते शांतपणे सांगत, "मासे पानी पीत न्हाईत बे, त्यात ऱ्हात्यात. बदललेलं पानी माझ्या लिंबाला जातंय. तू मोटारसायकल धुतूस, ते कुठं जातंय?" प्रश्न विचारणारा मोटारसायकल घेऊनच आलेला असे, आणि ती स्वच्छ असे.

माझं औषधाचं दुकान. काका ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येत आणि मला 'मेडिकल' म्हणूनच हाक मारत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे. मात्र त्यांच्या प्रत्येक माशाला नाव होतं. त्यांचे लाडके मासे म्हणजे एंजल. चपटे, उभट, लांब पंखांचे, अंगावर काळे पट्टे. काका त्यांना इंजल म्हणत. "दिसायला नाजूक असत्यात, पन बसमदी खिडकी धरलेल्या बाईवानी. एकदा जागा धरली की शेजारी कुनाला टेकू देत न्हाईत," हे त्यांचं मत.

म्हणूनच नव्या माशाला टाकीत सोडणं हा त्यांच्याकडे मोठा सोहळा. आधी दिवा बंद. मासा ज्या थैलीत आला ती थैली तशीच बांधलेली अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची. मग तोंड सोडून दर दहा मिनिटांनी टाकीतलं कपभर पाणी तिच्यात. तोवर टाकीतले सगळे दगड आणि झाडं इकडची तिकडं करायची, म्हणजे जुन्या माशांनाही आपलं घर सापडू नये. "जुन्यांचं बी गाव उठवायचं. मग दादागिरी कोन कुनावर करनार?" शेवटी मासा अलगद जाळीत घेऊन टाकीत सोडायचा, थैलीतलं पाणी बाहेर ओतायचं आणि वर खाकी शर्ट. पहिल्या दिवशी खायला काही नाही. हे सगळं ते घड्याळ लावून करत. नोकरीत त्यांची एकही गाडी वेळेवर सुटल्याचं कुणाला आठवत नाही, पण थैली मिनिटाला मिनिट धरून सुटायची.

एका पुढाऱ्याने नव्या बंगल्यात टाकी बसवली आणि आठ इंजल मागवले. काम काकांकडे. साहेबांना उद्घाटन करायचं होतं. मंडप, हार, फोटोवाला, सगळा जामानिमा. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि जमलेल्या लोकांना दिसला एक खाकी शर्ट, खिशावर शाईचा डाग असलेला. साहेब भडकले. काकांनी हात जोडले, "साहेब, निवडून आल्यावर तुमी सा-सा महिने कुनाला दिसत न्हाईत. त्यांला तीन दिस तरी द्या." पुढे तालुक्यातलं एकही उद्घाटन काकांना मिळालं नाही, पण ते आठही मासे जगले.

एकदा नवा मासा सोडताना मी विचारलं, "काका, माशांचे एवढे लाड कावून?" ते थैलीवर नजर ठेवूनच बोलले, "आमचं गाव धरनात गेलं, तवा मी अकरा वर्साचा. ट्रकमदी बसवलं अन् माळावर नेऊन सोडलं. डायरेक. कुनी कपभर पानी घातलं न्हाई." एवढंच. मग घड्याळ बघून म्हणाले, "चल, कप दे."

काकू गेल्यावर मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. टाकी तिकडे न्यायची सोय नव्हती. बाकीचे मासे त्यांनी कुणाकुणाला देऊन टाकले. राहिली ती इंजलची म्हातारी जोडी, सरपंच आणि सरपंचीण. "घाटात जीव जाईल त्यांचा," म्हणून ती माझ्याकडे आली. त्यांच्यासाठी मी घरी एक छोटी टाकी आणून ठेवली होती. काकांनी स्वतः तिच्यात थैली तरंगवली, कप घातले, शर्ट पांघरला. तोंडाने चेष्टा चालूच होती, पण कपातलं पाणी सांडत होतं. "उद्यापस्तोर काही घालू नको. परवा चिमूटभर. ह्यांला नांदव बाबा," एवढं बोलून ते मुलाच्या गाडीत बसले.

मी दुकानात गेलो आणि घरी आईने घराची अब्रू राखली. आमच्याकडे दारात आलेला माणूस न जेवता गेला, तर आई आठवडाभर स्वतःला बोल लावते. तिने शर्टाचा कोपरा उचलला आणि अर्धी भाकरी दुधात कुस्करून टाकीत घातली. "पाव्हन्याला पयल्याच दिशी उपाशी ठिवायचं व्हय? लोक काय म्हनतील?" सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. मी धावपळ करून निम्मं पाणी बदललं, तरी तिसऱ्या दिवशी सरपंचीण गेली.

काकांचा रोज संध्याकाळी फोन. "कसं हाय?" मी म्हणायचो, "झकास. तुमचं?" तेही म्हणत, "झकास." मासा मेल्यावरही मी झकासच म्हणालो. मला खरं सांगायचा धीर झाला नाही, आणि त्याची लाज आजही वाटते. बीडला जाऊन तसेच पट्टे असलेली दुसरी मादी शोधून आणली आणि तीन दिवस शर्ट पांघरून ठेवला.

नोव्हेंबरात काका पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आले. तो पुण्यातही मिळाला असता, पण त्यांचा हट्ट. "हितल्या ब्यांकेला दाखवून जातो, जित्ता हाय म्हनून." बरेच वाळले होते. टाकीसमोर बसले, चष्मा पुसला, खूप वेळ पाहत राहिले. मी घाम पुसत होतो. तेवढ्यात आईच पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावजी, म्या मारली हो तिला. दूधभाकर घातली."

काका आईकडे वळले. "रडू नका वहिनी. उपाशी तर न्हाई गेली. माझ्याकडं जल्मात तिला दूधभाकर भेटली नव्हती." मग तिच्याकडून स्वतःसाठी दूधभाकर मागून घेतली आणि दोन वाट्या संपवल्या. आई वाढत होती, रडत होती आणि हसतही होती.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागली होती. मी म्हणालो, "काका, मी खोटं बोललो तुमच्याशी."

"मला दुसऱ्याच दिशी फोनवर कळलं हुतं."

"कसं काय?"

"झकास म्हन्लास की. नव्या पान्यात गेलेलं कुनी दुसऱ्या दिशी झकास नसतंय, मेडिकल."

ते पायरी चढले. दांडा धरून, सवयीने आधी गाडीत किती माणसं आहेत ते मोजलं आणि मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मी बी तुला झकासच म्हनत हुतो."