जीपच्या टपावरचा पोरगा

मोखाड्याच्या जीपस्टँडवर तो पोरगा दिवसभर ओरडतो, "जव्हार, जव्हार!" गाठोडी टपावर चढवतो आणि स्वतःही तिथंच बसतो. सीटवर बसला तर लोक हाकलतात. आईबाप वीटभट्टीवर गेले, ते आलेच नाहीत. माझी म्हातारी गेल्यापासून मला घर खायला उठतं, म्हणून मीही स्टँडवरच असतो.

एकदा विचारलं, "शाळंत का जात नाय रं?"

"नाव घालाया बाप लागतो, आजा. तुमी येता का बाप बनून?" म्हणाला आणि हसत सुटला.

परवा बाजाराला आलेल्या एका बाईचा मोबाईल गेला, तो याच्याकडं सापडला. लोकांनी गुरासारखा मारला. पोराला चोरायला शिकवतो तो एक जीपवाला, हे सगळ्या स्टँडला ठाऊक. तोही मारणाऱ्यांत होता.

मी पोराच्या कानाशी म्हटलं, "नाव सांग ना त्याचं!"

ओठाचं रक्त पुसत तो म्हणाला, "सांगलं तं रातचा भात कोण देल?"

माझी चूल म्हातारीबरोबरच विझली.

पोलीस पोराला घेऊन गेले. संध्याकाळी स्टँडवर दुसरंच एक उघडं पोर फिरत होतं. जीपवाल्यानं त्याला मायेनं हाक मारली, "जेवलास का रं?"